यूसीएलए बास्केटबॉल: आजवरचे पहिले पाच खेळाडू कोण?

कोपऱ्यातला_नेम

यूसीएलएचा जुना खेळाडू रसेल वेस्टब्रुक याच्या धाग्यावर हा वाद पेटला आणि मूळ विषय बाजूलाच पडला, म्हणून हा वेगळा धागा. यूसीएलएच्या (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) पुरुष संघाच्या इतिहासातले सर्वश्रेष्ठ पाच खेळाडू कोण, आणि कुठल्या क्रमाने?

अटी दोनच. एक, कॉलेजच्या जर्सीत जे केलं तेवढंच धरायचं; पुढे एनबीएत (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) कुणी काय दिवे लावले ते इथे नको. दोन, नुसतं नाव टाकून पळायचं नाही, कारण द्यायचं.

माझी यादी: १. ल्यू अल्सिंडर (पुढचा करीम अब्दुल-जब्बार), २. बिल वॉल्टन, ३. गेल गुडरिच, ४. सिडनी विक्स, ५. एड ओ'बॅनन.

पहिल्या नावाबद्दल शंकाच नाही. अल्सिंडर १९६६ ते १९६९ असे तीन मोसम खेळला. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात घेत नसत, नाहीतर चार झाले असते. त्या तीन मोसमांत संघाने ९० पैकी ८८ सामने जिंकले, तिन्ही वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि तिन्ही वर्षी फायनल फोरचा (राष्ट्रीय स्पर्धेतली शेवटच्या चार संघांची फेरी) सर्वोत्तम खेळाडू हाच. हा मान तीनदा दुसऱ्या कुणालाही मिळालेला नाही. सामन्यामागे २६.४ गुण, १५.५ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू). मुख्य संघातल्या पहिल्याच सामन्यात यूएससीविरुद्ध (लॉस एंजेलिसमधलंच दुसरं विद्यापीठ) ५६ गुण. आणखी काय हवं?

बेंचवरचा

पहिल्या दोन जागा आधीच बुक. म्हणजे धागा तिसऱ्या क्रमांकावरून भांडायला आहे. चहा टाकतो.

आकडेबहाद्दर

अल्सिंडरबद्दल एक भर. यूसीएलएच्या घरच्या पॉली पॅव्हेलियनचं उद्घाटन झालं तेव्हा, नोव्हेंबर १९६५ मध्ये, पहिल्या वर्षाच्या मुलांचा मुख्य संघाशी सामना ठेवला होता. मुख्य संघ म्हणजे सलग दोन वर्षांचे राष्ट्रीय विजेते. पोरांनी त्यांना ७५-६० असं हरवलं. अल्सिंडरचे ३१ गुण आणि २१ रिबाउंड. हा सामना त्याच्या अधिकृत आकड्यांत धरलाच जात नाही.

आता वॉल्टनवाल्यांसाठी एक गंमत. यूसीएलएमधले कारकिर्दीतले सर्वाधिक रिबाउंड वॉल्टनच्या नावावर आहेत, १,३७०. अल्सिंडरचे १,३६७. फरक तीनचा. अल्सिंडर ८८ सामने खेळला, वॉल्टन ८७.

तिरपा_पास

"शंकाच नाही" म्हणे! मला आहे. माझ्या यादीत पहिला वॉल्टन.

विजेतेपदं मोजली तर अल्सिंडर पुढे, मान्य. तीन विरुद्ध दोन. पण आपण खेळाडू मोजतोय की ट्रॉफ्या? वॉल्टनकडे चेंडू आला की संघाचे पाचही जण खेळायला लागायचे, हा त्याचा गुण. दोन गोष्टी बघा.

पहिली, रिबाउंडनंतरचा पास. बहुतेक सेंटर (रिंगजवळ खेळणारे उंच खेळाडू) चेंडू पकडतात, खाली आणतात, एखादा ड्रिबल मारतात आणि मग गार्ड (चेंडू पुढे नेणारा) शोधतात. चेंडू कमरेपर्यंत आला की शेजारचा बुटका गार्ड हात घालून तो काढून घेतो, आणि प्रतिस्पर्ध्यांना मागे पळायला दोन सेकंद मिळतात ते वेगळंच. वॉल्टन हवेतच वळायचा. जमिनीवर पाय टेकताना त्याचं तोंड साइडलाइनकडे आणि चेंडू अजून डोक्याच्या वर. तिथूनच दोन्ही हातांनी पास. गार्ड मधल्या रेषेच्या अलीकडे पळत असतानाच त्याच्या हातात चेंडू पडायचा. ड्रिबल शून्य.

दुसरी, १९७३ ची फायनल. सेंट लुइस, समोर मेम्फिस स्टेट, मध्यंतराला ३९-३९. मेम्फिसने बचावपटू वॉल्टनच्या पुढे उभा केला, म्हणजे सरळ पास आत जाऊ नये. यावर उतारा एकच, डोक्यावरून लॉब (उंच पास). तोही नीट जमला पाहिजे. चेंडू रिंगवर नाही, बोर्डाच्या कोपऱ्याकडे टाकायचा, म्हणजे पुढे उभ्या असलेल्या माणसाला मागे उडी मारूनही तो मिळत नाही. आणि पलीकडच्या बाजूचा फॉरवर्ड रिंगपासून लांब उभा पाहिजे, नाहीतर त्याचा बचावपटू मदतीला येऊन लॉब वरच्यावर उचलतो. ग्रेग लीने हे इतक्या वेळा केलं की त्याच्या नावावर १४ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होतो असे पास) लागले. वॉल्टनने २२ फेकींपैकी २१ बास्केट केले. ४४ गुण, १३ रिबाउंड, निकाल ८७-६६. डंक करायला, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबायला, बंदी होती, हेही लक्षात घ्या.

नवखा_प्रेक्षक

डंकला बंदी? खरंच होती की गंमत करताय?

आकडेबहाद्दर

खरंच होती. १९६७-६८ पासून १९७५-७६ पर्यंत कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंक चालत नव्हता. अल्सिंडरच्या पहिल्या मोसमानंतर लगेच नियम आला, म्हणून लोक त्याला "अल्सिंडर नियम" म्हणतात. समितीने दुखापती, वाकणाऱ्या रिंगा वगैरे कारणं दिली, पण वेळ पाहून कुणाला काय समजायचं ते समजलं. पहिल्या मोसमात त्याची अचूकता ६६.७ टक्के होती, बंदीच्या पहिल्या वर्षी ६१.३. एवढाच काय तो फरक पडला.

झोनप्रेस

त्या बंदीने समितीने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. हुक शॉट अल्सिंडरकडे शाळेपासून होता. बंदीमुळे तो रोजचा झाला. हा शॉट अडवणं इतकं अवघड का, ते सांगतो. शूटर बचावपटूला पाठ किंवा डावा खांदा देतो. डावा पाय टाकून उडी, उजवा गुडघा वर, आणि चेंडू उजव्या हातात, शरीरापासून जास्तीत जास्त लांबच्या बाजूला. हात पूर्ण सरळ झाल्यावर नुसत्या मनगटाने चेंडू सोडायचा. म्हणजे बचावपटूला आधी शूटरच्या खांद्यांची पूर्ण रुंदी पार करायची आणि मग ७ फूट २ इंचाच्या माणसाच्या सरळ हाताच्या टोकापर्यंत पोचायचं. पोचला तरी अंगाला अंग लागून फाउल.

शिकणाऱ्यांचं चुकतं ते इथे: चेंडू छातीजवळून वर आणतात. मग तो डोक्यासमोरून जातो आणि समोरच्याला आयता मिळतो.

दादर_टीटी

या काळाबद्दल वाचताना मुंबईची रणजी आठवल्याशिवाय राहत नाही. १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा विजेतेपदं. इकडे यूसीएलएचे प्रशिक्षक जॉन वुडन, त्या वुडनसरांचा संघ १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा वेळा विजेता, त्यात १९६७ ते १९७३ सलग सात. आणि गंमत म्हणजे १९७३-७४ च्या मोसमात दोघांचीही मालिका उपांत्य फेरीत तुटली. मुंबईची कर्नाटकने तोडली, यूसीएलएची नॉर्थ कॅरोलिना स्टेटने.

साम्य इथेच संपत नाही. मुंबईला आधी फक्त पश्चिम विभागात खेळावं लागे, यूसीएलएलाही फक्त पश्चिमेत. म्हणून विचारतो, या विक्रमांत वाट सोपी असण्याचा वाटा किती?

कडूकारले

वा! अखेर कुणीतरी बोललं. १९७३ पर्यंत यूसीएलएला चार सामने जिंकले की विजेतेपद मिळायचं. स्पर्धेत २२ ते २५ संघ, आणि एका कॉन्फरन्समधून (कॉलेजांच्या विभागीय गटातून) एकच. आज ६८ संघ आहेत आणि सहा सामने जिंकावे लागतात. तेव्हाचा अल्सिंडर आणि आजचा खेळाडू एका तराजूत कसे घालणार?

आणि सॅम गिल्बर्टचं नाव कुणी काढणार आहे की नाही? खेळाडूंना मदत करणारा हा श्रीमंत बिल्डर. १९८१ मध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) यूसीएलएवर कारवाई केली, त्याला संघापासून दूर ठेवायला सांगितलं आणि १९८० चं उपविजेतेपद रद्द केलं.

आकडेबहाद्दर

@कडूकारले, कारवाई झाली ती वुडन निवृत्त झाल्यानंतरच्या काळासाठी. दहा विजेतेपदांपैकी एकालाही हात लागलेला नाही. यावर तावातावाने बोलायला वेगळा धागा काढा, येतो तिथे.

चार सामन्यांचं बरोबर आहे, पण नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाहीत. एका कॉन्फरन्समधून एकच संघ म्हणजे मोसमभर चुकायला जागाच नाही. १९७०-७१ चा यूएससीचा संघ बघा. २६ पैकी २४ जिंकले, दोनच हरले, दोन्ही यूसीएलएविरुद्ध. त्या २४ विजयांवर घरी बसले. आज तो संघ स्पर्धेत वरच्या मानांकनाने गेला असता.

आणि पश्चिम सोपी? त्याच वर्षी विभागीय फायनलमध्ये लाँग बीच स्टेटने यूसीएलएला ११ गुणांनी मागे टाकलं होतं. शेवटी ५७-५५ असे कसेबसे सुटले.

झोनप्रेस

आता तिसऱ्या क्रमांकाकडे. धागाकर्त्याने गुडरिच ठेवलाय, आणि मला वाटतं बरेच जण वॉल्ट हॅझर्ड म्हणतील. दोघांचा निवाडा करायचा तर १९६४ चा संघ कसा खेळायचा ते आधी समजून घ्यावं लागेल.

३०-०. सुरुवातीच्या पाचात ६ फूट ५ इंचाहून उंच एकही नाही. उंची नव्हती, म्हणून पूर्ण कोर्टवर २-२-१ झोन प्रेस, म्हणजे समोरच्याला त्याच्याच अर्ध्यात अडवणारा बचाव. पुढे फ्रेड स्लॉटर आणि गुडरिच, मध्ये हॅझर्ड आणि जॅक हर्श, मागे एकटा कीथ एरिक्सन. लोकांना वाटतं प्रेस म्हणजे पहिला पास हिसकावणं. तसं नाही. पहिला पास येऊ द्यायचा, पण कोपऱ्यात. चेंडू घेणारा साइडलाइनकडे वळला की पुढचा एक आणि मधल्या फळीतला एक असे दोघं त्याला गाठतात. साइडलाइन हा तिसरा बचावपटू. दहा सेकंदांत मधली रेषा ओलांडायची आहे, समोर चार हात, मग घाबरून तो उंच पास टाकतो. उंच पास म्हणजे मंद पास. एरिक्सन नेमका त्याचीच वाट पाहत उभा.

प्रेस फसतो कुठे? मध्यभागी. चेंडू आत टाकणारा स्वतः पळत मध्ये आला आणि त्याला परत पास मिळाला, तर चार जण एका झटक्यात मागे पडतात आणि एरिक्सनसमोर तिघं येतात. म्हणून मधल्या फळीतल्या पलीकडच्या माणसाने साइड सोडून मध्यभाग झाकायचा असतो. ड्यूकविरुद्धच्या फायनलमध्ये यूसीएलए २७-३० असे मागे होते. अडीच मिनिटांत सलग १६ गुण करून ४३-३० झाले. ड्यूककडे ६ फूट १० इंचांचे दोघं होते, पण चेंडू त्यांच्यापर्यंत पोचलाच पाहिजे ना. निकाल ९८-८३.

आता मुद्द्यावर. ही २-२-१ रचना स्वतः बास्केट केल्यावरच नीट लावता येते, कारण जागेवर यायला वेळ तेव्हाच मिळतो. म्हणजे गुण करणारा हवा. तो गुडरिच. पण बास्केट कुणाला, कधी आणि कुठून मिळेल हे ठरवणारा हॅझर्ड. त्या वर्षी फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू हॅझर्डच होता. माझं मत हॅझर्डला.

कोपऱ्यातला_नेम

@झोनप्रेस, प्रेसचं विश्लेषण एक नंबर, निष्कर्ष मान्य नाही.

हॅझर्ड गेल्यावर काय झालं ते बघा. १९६५ मध्ये हॅझर्ड नाही, स्लॉटर नाही, हर्श नाही. पुन्हा विजेतेपद. मिशिगनविरुद्ध फायनलमध्ये गुडरिचचे ४२ गुण, त्यात २० पैकी १८ फ्री थ्रो. ६ फूट १ इंचाचा डावखुरा गार्ड त्या धिप्पाड मिशिगनच्या अंगावर घुसून फाउल काढत होता. निकाल ९१-८०.

बेंचवरचा

आणि ४२ गुण करूनही सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला नाही! तो गेला प्रिन्स्टनच्या बिल ब्रॅडलीला, ज्याचा संघ उपांत्य फेरीत हरला होता. त्याने तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ५८ ठोकले ना. गुडरिचने तेव्हा काय म्हटलं असेल ते इथे छापता येणार नाही.

गोदाकाठ

विक्सला चौथा क्रमांक पाहून बरं वाटलं. सहसा त्याला विसरतात. अल्सिंडर गेला, वॉल्टन यायचा होता, मधली दोन वर्षं या माणसाने भरून काढली. १९७० आणि १९७१, दोन्ही विजेतेपदं.

१९७० ची फायनल त्याच्यासाठी पाहावी. समोर जॅक्सनव्हिल, आर्टिस गिलमोर ७ फूट २ इंच, विक्स ६ फूट ८ इंच. सुरुवातीला विक्स गिलमोरच्या पुढे उभा राहिला. डावपेच वाईट नव्हता, पण जॅक्सनव्हिल बाहेरून वरच्यावर पास टाकत होते आणि मागून मदत वेळेवर येत नव्हती. ६-१४ अशी पिछाडी. टाइम-आउटमध्ये विक्सला गिलमोरच्या मागे उभं केलं. आता चेंडू आत येऊ द्यायचा, पण गिलमोर वळला की विक्सची उडी. उंची कमी असताना मागून ब्लॉक करायचा तर आधी उडी मारून भागत नाही. समोरच्याचा चेंडू हातातून सुटायच्या क्षणी वर असावं लागतं, नाहीतर पंप-फेकला (शॉट मारल्याचा नुसता आव) फसून फाउल. विक्सने गिलमोरचे पाच शॉट अडवले. गिलमोरचे २९ पैकी ९ बास्केट. रिबाउंड विक्स १८, गिलमोर १६. निकाल ८०-६९.

सर्वश्रेष्ठ वगैरे बाजूला ठेवा, एका सामन्यातला एका खेळाडूचा बचाव म्हणून याच्या वर मला काही दिसत नाही.

आकडेबहाद्दर

@गोदाकाठ, पाच ब्लॉक हे तेव्हाच्या वृत्तांतातून आलेत. एनसीएए ब्लॉक आणि स्टील (हिसकावलेले चेंडू) अधिकृतपणे मोजायला लागलं १९८५-८६ पासून. अल्सिंडरने तीन वर्षांत किती शॉट अडवले याची अधिकृत नोंद कुठेच नाही. रकाने रिकामे आहेत म्हणून बचाव कमी धरू नये, एवढंच.

तिरपा_पास

तोच न्याय वॉल्टनला लावा की. त्याच्या असिस्टची नोंद शाळेने ठेवली ती शेवटच्या दोन मोसमांची, सामन्यामागे साडेपाचच्या आसपास. सेंटरसाठी हा आकडा आजही डोळे विस्फारायला लावणारा आहे.

कडूकारले

पण वॉल्टनचं शेवटचं वर्ष? त्यावर वॉल्टनभक्त मूग गिळून गप्प.

८८ सामन्यांची विजयमालिका, जानेवारी १९७४, नोत्र दाम. साडेतीन मिनिटं बाकी, यूसीएलए ७०-५९ पुढे. तिथून पुढे शून्य गुण. समोरच्यांचे सलग १२. ७०-७१. तेव्हा शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत शॉट मारायची सक्ती) नव्हता. चेंडू नुसता फिरवत बसले असते तरी सामना खिशात होता. फेब्रुवारीत ओरेगन स्टेट आणि ओरेगनकडून पाठोपाठ हार. मग मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटविरुद्ध दुसऱ्या जादा वेळेत सात गुणांनी पुढे असताना ७७-८०. डिसेंबरमध्ये याच संघाला ८४-६६ असं लोळवलं होतं. अल्सिंडरचा संघ तीन वर्षांत दोन हरला, वॉल्टनचा एकाच वर्षात चार.

तिरपा_पास

@कडूकारले, नोत्र दामच्या सामन्याआधी वॉल्टनच्या पाठीच्या मणक्यांना दुखापत झाली होती आणि आधीचे तीन सामने तो खेळलाच नव्हता. कंबरपट्टा बांधून उतरला आणि १४ पैकी १२ बास्केट केले. संघाच्या पडझडीचं खापर त्याच्यावर फोडायचं तर अॅस्ट्रोडोमचं खापर अल्सिंडरवर फोडा.

नवखा_प्रेक्षक

अॅस्ट्रोडोम म्हणजे?

गोदाकाठ

२० जानेवारी १९६८, ह्यूस्टन. बेसबॉलच्या बंदिस्त स्टेडियममध्ये मधोमध बास्केटबॉल कोर्ट मांडलं, फळ्या लॉस एंजेलिसहून आणलेल्या. ५२,६९३ प्रेक्षक. नियमित मोसमातला सामना देशभर संध्याकाळी दाखवण्याची ही पहिलीच वेळ. ह्यूस्टनच्या एल्विन हेजचे ३९ गुण, निकाल ७१-६९, यूसीएलएची ४७ सामन्यांची मालिका तुटली. अल्सिंडरचे १८ पैकी ४ बास्केट, १५ गुण. आठवडाभर आधी बर्कलीविरुद्धच्या सामन्यात त्याच्या डोळ्याच्या बुबुळाला ओरखडा पडला होता. शिवाय रिंगच्या मागे प्रेक्षक नाहीत, नुसता अंधार आणि मोकळी जागा. अंतराचा अंदाज चुकायला तेवढं पुरे.

मार्चमध्ये उपांत्य फेरीत परतफेड झाली. लिन शॅकलफर्डला एकट्या हेजच्या मागे लावलं आणि बाकी चौघं डायमंडच्या आकारात, म्हणजे टोकावर उभ्या चौकोनात. हेज कुठेही गेला तरी शॅकलफर्ड अंगाला चिकटलेला, आणि वळला तर समोर अल्सिंडर. हेजचे १० गुण. निकाल १०१-६९.

हा डाव सगळीकडे चालत नाही. समोर बाहेरून नेम असलेले दोघं असतील तर चौकोनाच्या बाहेर ते मोकळे सुटतात. त्या दिवशी ह्यूस्टनच्या इतरांचा नेम लागला नाही.

बेंचवरचा

माझा पहिला क्रमांक लॅरी फार्मर. मुख्य संघातली कारकीर्द: ८९ विजय, १ पराभव. अल्सिंडर ८८-२, वॉल्टन ८६-४. आकडे खोटं बोलत नाहीत. (ह.घ्या.)

सहावा माणूस स्वेन नेटर. वॉल्टनमुळे कॉलेजमध्ये एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाचात नाही, आणि तरी १९७३ मध्ये एनबीएच्या पहिल्या फेरीत निवड. सरावात रोज वॉल्टनच्या अंगाला अंग लावणारा हाच.

सावळी

धागाकर्त्याने "पुरुष संघ" अशी अट घातली आहे, पण ती यादीसाठी सोयीची आहे म्हणून. कॉलेजचा इतिहास म्हणायचा तर अॅन मायर्सला कुठे बसवणार? १९७४ ते १९७८. पूर्ण चार वर्षांची क्रीडा शिष्यवृत्ती मिळालेली यूसीएलएची पहिली मुलगी. फेब्रुवारी १९७८ मध्ये एकाच सामन्यात २० गुण, १४ रिबाउंड, १० असिस्ट, १० स्टील. त्याच वर्षी मेरिलँडला ९०-७४ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद, फायनलमध्ये २० गुण, १० रिबाउंड, ९ असिस्ट, ८ स्टील. भाऊ डेव्ह मायर्स १९७५ च्या वुडनच्या शेवटच्या विजेत्या संघात, म्हणजे एका घरात दोन विजेते.

आणि गुणच मोजायचे तर डेनिस करी. ३,१९८ गुण. खेळलेल्या १३० पैकी प्रत्येक सामन्यात दहा किंवा जास्त. तीन गुणांची रेषा नसताना. पुरुषांत सर्वाधिक डॉन मॅक्लेनचे २,६०८.

कोपऱ्यातला_नेम

@सावळी, मुद्दा चोख. अट यादी आटोपशीर राहावी म्हणून घातली होती. दोन्ही संघ एकत्र धरले तर मायर्स माझ्या पहिल्या तिघांत येईल, आणि मग गुडरिच चौथा.

सांगलीकर_इन_अर्वाइन

मॅक्लेनचं नाव निघालंच आहे तर विचारतो, सर्वाधिक गुण करणारा माणूस एकाच्याही यादीत का नाही? चार वर्षं, सामन्यामागे २०.५.

रेजी मिलरही नाही. १९८५-८६ मध्ये सामन्यामागे २५.९ गुण, तेही तीन गुणांच्या रेषेशिवाय. ती रेषा १९८६-८७ मध्ये आली, म्हणजे त्याला एकच मोसम मिळाला. केविन लव्ह एकच वर्ष खेळला, पण २००८ ला ३५ विजय आणि फायनल फोर, सामन्यामागे १७.५ गुण, १०.६ रिबाउंड. आणि बोर्डाखालून पलीकडच्या रिंगपर्यंतचा तो छातीवरचा पास!

आकडेबहाद्दर

मॅक्लेनला चार वर्षं मिळाली, अल्सिंडरला तीन. २६.४ च्या सरासरीने चौथं वर्ष धरा, २,६०८ कधीच मागे पडतात. शिवाय मॅक्लेनच्या काळात एकही फायनल फोर नाही. मिलरच्या वाट्याला १९८५ ची एनआयटी आली, ती मोठ्या स्पर्धेत जागा न मिळालेल्यांची. लव्ह मला आवडतो, पण एका वर्षावर पहिल्या पाचात नाही.

कडूकारले

आणि वेस्टब्रुक? ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं?

आकडेबहाद्दर

पहिल्या मोसमात ३.४ गुण, दुसऱ्यात १२.७ आणि कॉन्फरन्सचा सर्वोत्तम बचावपटू. एनबीए वगळायची अट पाळली तर पहिल्या वीसातही ओढाताण होईल.

झोनप्रेस

पाचव्या जागेवर कुणीच बोललेलं नाही. मला तिथे ओ'बॅननऐवजी मार्केस जॉन्सन हवा. १९७५ चं विजेतेपद, आणि १९७७ मध्ये वुडन पुरस्काराचा (वर्षातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू) पहिलाच मानकरी. त्या मोसमात २१.४ गुण आणि ११.१ रिबाउंड. डंकवरची बंदी नेमकी त्याच्या शेवटच्या वर्षी उठली. साडेसहा फुटांचा फॉरवर्ड बेसलाइनवरून एका पावलात रिंगपर्यंत जायचा. आधीची तीन वर्षं त्याला हेच करायला मनाई होती, याचा हिशेब कुणी करत नाही.

गोदाकाठ

ओ'बॅननच. १९७५ च्या संघात डेव्ह मायर्स होता, रिचर्ड वॉशिंग्टन होता. जॉन्सन तेव्हा दुसऱ्या वर्षाचा. १९९५ चा संघ ओ'बॅननचा होता. कॉलेजात येताच गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, आणि पाचव्या वर्षी त्याच गुडघ्यावर फायनलमध्ये ३० गुण आणि १७ रिबाउंड. वुडननंतरचं पुरुष संघाचं एकमेव विजेतेपद. समोर गतविजेते आर्कान्सा, त्यांचा चाळीस मिनिटांचा प्रेस प्रसिद्ध, आणि चेंडू नेणारा टायस एडनी मनगट दुखावल्याने तीन मिनिटांतच बाहेर. कॅमरन डॉलरने चेंडू आणला, पण प्रेसमध्ये अडकला की पास जायचा तो मध्ये येऊन उभ्या राहिलेल्या ओ'बॅननकडे. वर प्रेस फसण्याची जागा मध्यभाग आहे असं म्हटलंय ना, तीच ही. ८९-७८.

बेंचवरचा

एडनी बाहेर बसला तरी तो संघ फायनलपर्यंत पोचला एडनीमुळेच हे विसरू नका. त्याच स्पर्धेतला आधीचा सामना, मिझुरी ७४-७३ पुढे, ४.८ सेकंद बाकी, आपल्याच रिंगखालून सुरुवात. मधल्या रेषेपाशी पाठीमागून ड्रिबल, बोर्डावरून अलगद, ७५-७४. ड्रिबल पाठीमागून घेतला नसता तर बचावपटूने त्याला साइडलाइनला ढकललं असतं आणि तिथेच घड्याळ संपलं असतं.

कोपऱ्यातला_नेम

झोनप्रेस यांच्या प्रेसनेच ओ'बॅननची केस पक्की झाली, त्यामुळे पाचवा तोच ठेवतो. तिसऱ्या क्रमांकावर मात्र हॅझर्ड आणि गुडरिचवर मतं अजून अडकली आहेत. दोघांनाही १९६४ मध्ये एकाच कोर्टवर पाहून निवडायचं असेल तर कोण? इतरांनीही लिहा.

झोनप्रेस

हॅझर्ड.

गोदाकाठ

१९६४ पुरतं हॅझर्ड, १९६५ धरून गुडरिच.

कडूकारले

एरिक्सन. तो मागे उभा नसता तर तुमचा प्रेस पहिल्याच सामन्यात उघडा पडला असता.